लगीन होईपर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार

निखिलच्या लग्नाची तारीख ठरली. रविवार, ४ मे. हळद आदल्या दिवशी. नातवाचं लग्न बघायला मिळतंय, म्हातारीला आणखी काय पाहिजे.

तारीख भटजीच्या आधी चांगुणाला विचारायची, हा घरचा रिवाज. ती माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. पण नणंदेच्याही आधी ती धवलारीण, लग्नातले धवले म्हणजे गाणी म्हणणारी. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारणीने धवला धरल्याशिवाय हळद भिजत नाही. सकाळीच कामोठ्याहून रिक्षाने आली. बोटावर नऊ लग्नं मोजली, आमचं शेवटचं. "माज्या निखिलचा लगीन सगल्यात मागं ठेवलंय. गला त्याच्यासाठी राखून ठेवनार."

चहा झाल्यावर म्हणाली, "वैनी, जरा मोरीत ये." मला वाटलं, पिन तुटली असेल.

दार लावून ब्लाउज काढला. डावी बाजू. आत टणक गाठ, चांगली मोठ्या सुपारीएवढी. वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी, आणि मध्ये रुपयाएवढं उघडं. वास.

नर्सिंग होममध्ये तेवीस वर्षं आया होते. डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघण्याआधी मला कळायचं. आजही कळलं. 

"कधीपासून?"

"दोन दिवाल्या झाल्या."

"आणि आत्ता सांगतेस? चल, आजच दाखवू."

"नको गो. सुरी लावतील. लोखंड लागला का पसरतं ते. माज्या मावससासूला लावली, महिन्यात गेली."

"ती जायलाच टेकली होती म्हणून लावली."

"तुला काय म्हाइत? आन धवलारनीला तो रोग हाय असा गावाला कलला, तर नवरीच्या अंगाला मना कोन हात लावू देईल? लगीन होईपर्यंत गप रहा. मग नेशील तिथं येतंय."

बाहेर आलो तर निखिल पत्रिकेचे नमुने पसरून बसलेला. हिने माझा हात धरला, सरळ त्याच्या डोक्यावर ठेवला, वर आपला ठेवला. तो हसतोय, "काय आजी, आत्ताच आशीर्वाद?" आणि ही माझ्या कानात, "मनात बोल. लगीन होईपर्यंत कोनाला सांगनार नाय."

मी बोलले. मनात. पोराला पत्ता नाही.

५ फेब्रु., बुध.

पहिलं ड्रेसिंग. सलाइनने धुतलं, गॉज, पट्टी. तिच्या घरी मागच्या खोलीत, दाराला कडी. तिचा नवरा, शांतारामभावजी, बाहेर ओट्यावर विडी ओढत. त्यांना ठाऊक आहे की नाही, कळत नाही. त्यांची खाट पुढच्या खोलीत गेली आहे एवढं दिसलं.

चां. डोळे मिटून म्हणाली, "तुज्या हाताला गुन हाय वैनी."

हेच हात. रमेशच्या लग्नात, म्हणजे निखिलच्या बापाच्या, मी नवऱ्याची आई. ड्युटीवरून आले, न्हाले, नवं लुगडं नेसले, तरी हिने भर मांडवात सांगितलं, "वैनी, तू बालंतिनीचा रगात काढतस, तू मागं रहा." माझ्या पोराला पहिली हळद चुलत जावेने लावली. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी. ते मी विसरले आहे असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटत होतं.

आज त्याच हातांखाली ती निर्धास्त झोपली. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

११ फेब्रु.

एक दिवसाआड कामोठे, घरात काय सांगायचं? वंदना, माझी सून, नाकाने घर चालवणारी बाई. बोलून गेले, "चांगुणाचे धवले वहीत उतरवून घेतेय. तिच्यामागे कोण म्हणणार?" वंदनाला पटलं. "बरं करताय आई, व्हिडिओ पण काढा." 

मग आता उतरवायलाच पाहिजेत. हीच वही उलटी करून मागच्या बाजूने सुरुवात केली.

चां. आधी राजी नव्हती. "कागदावर गेलं का तोंडातून जातंय." मी म्हटलं, तोंडातलं कुठे कायम टिकतं? थोडा वेळ पट्टीकडे बघत बसली. मग म्हणाली, "घे."

ड्रे. करता करता ती म्हणते, हात धुऊन मी लिहिते. मांडवाचा झाला. चार झाले आतापर्यंत.

२० फेब्रु.

वास गेला. आमच्या डॉक्टरीणबाई अशा जखमेवर काय करायच्या ते मला आठवत होतं, तेच केलं. जखम लालसर, स्वच्छ. चां.ने आज भाकरी आणि जवळ्याची चटणी मागून खाल्ली. कोपरा गावच्या लग्नात तीन तास उभी राहून म्हणाली म्हणे. लोक म्हणाले, आवाज पहिल्यासारखा.

मला उगाच वाटून गेलं, न जाणो, बरंच होईल. तेवीस वर्षं काढलेल्या बाईला असं वाटावं! गाठ हाताला लागते ती तशीच. दगड.

२७ फेब्रु., गुरु.

काल महाशिवरात्र, भावजी तिला भगताकडे घेऊन गेले. म्हणजे भावजींना ठाऊक आहे. भगताने सांगितलं, मागल्या वर्षी एका लग्नात धवला मध्येच तोडलास, त्या नवरीची हाय लागली. छातीला काळा दोरा, जखमेवर अंगारा.

अंगारा! आत राख चिकटून बसलेली. काढायला पाऊण तास. चां. ओरडली नाही, उशीचा कोपरा चावला.

दोऱ्याला हात लावायचा नाही म्हणाली. दोरा ठेवला, अंगारा काढला. अर्धं त्याचं, अर्धं माझं. 

भावजींना ओट्यावर गाठलं. म्हटलं, "तुम्ही तरी न्या तिला दवाखान्यात."

"वैनी, दवाखान्यात गेली ती आमच्या आलीतली तीनही मानसं परत आली नाय." विडी विझलेली, तरी ओढत होते. "न गेलेली चौथी अजून हाय. ही."

गेली ती शेवटाला गेली, हे त्यांना कोण सांगेल. मी सांगितलं. ऐकलं नाही.

६ मार्च

एसटी स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये गॉजचा गठ्ठा घेत होते. मागून, "मावशी, कुणाला लागलंय?" शबाना सिस्टर. आमच्या नर्सिंग होममध्ये शिकाऊ म्हणून आली तेव्हा सुई धरताना हात थरथरायचा. आता कर्करोगाच्या बाह्यरुग्ण विभागात आहे. तिने शब्द सरळ उच्चारला, दुकानात चार माणसं असताना. मी इकडेतिकडे बघितलं.

"ओळखीची एक आहे."

"कुठे आहे जखम?"

नुसता हात पदरावर गेला. तिला कळलं.

"नाव नका सांगू. घेऊन या. बाईच तपासेल. मी स्वतः उभी राहीन."

"शपथ आहे गं."

"कुणाची?"

तेही सांगितलं नाही. तिने माझ्या पिशवीकडे बघितलं आणि आपला नंबर औषधाच्या कागदावर लिहून दिला. तो या वहीच्या पुठ्ठ्यात खोचला आहे.

७ मार्च

नंबर काढला. परत ठेवला.

१४ मार्च

काल होळी. गावात चां.ने गाणी म्हटली नाहीत. घसा बसला म्हणाली. खोकला आहे. हा खोकला मला आवडला नाही.

उघडं आता लिंबाएवढं. बाकी स्वच्छ. वास नाही.

२४ मार्च, सोम.

चां.चं ताट वेगळं दिसलं. चुलीमागे, वर उपडी वाटी. मी भावजींकडे बघितलं, तर तीच म्हणाली, "त्यांनी नाय. मीच केलंय."

"लागट नसतो तो रोग. मी किती वर्षं असल्या बायांचं सगळं केलं, मला काय झालं?"

"नामदेवचं आठव."

नामदेव, ह्यांचा चुलतभाऊ. तोंडाला झालं होतं. पडवीला पडदा लावून ठेवला. जेवण पडद्याखालून सरकवायचे. त्याचीच पोरं. गेला तेव्हा ताट-तांब्या खाडीत टाकला, खाटसुद्धा. मी नर्सिंग होममधून येता-जाता पडद्याच्या आत बसायचे, म्हणून मलाही दोन महिने कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. चां.सुद्धा लांब उभी राहून बोलायची.

"नामदेव रोगानं नाय मेला वैनी. पडद्यानं मेला. मी बघितलंय ना. मी पन त्या पडद्याच्या भायेरच होती." 

मी पट्टी गुंडाळत होते.

"माजा ताट कोन टाकील गो खाडीत?"

मी तिच्या ताटातला भाताचा घास उचलून खाल्ला. ती हसली. पण ताट चुलीमागेच राहिलं.

१ एप्रिल

पाडवा झाला. तेरा धवले लिहून झाले. हळद दळायचा, नवऱ्याला न्हाऊ घालायचा, सगळे. एकच राहिला, हळद उतरवायचा. तो म्हणल्याशिवाय नवरा-नवरी हळदीतून मोकळी होत नाहीत.

"तो सांग आता."

"तो सगल्यात मागं. निखिलची हलद उतरली का देईन."

"का?"

"दिला का तू मना नेशील." हसत म्हणाली. पण डोळे हसत नव्हते. हुशार बाई. लिहिता येत नाही, पण सौदा येतो.

डावा हात जड झालाय म्हणते. 

९ एप्रिल, बुध.

आजचं आजच लिहून ठेवते.

काल रात्री मनाशी ठरवलं, पुरे झालं. कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही. सकाळी शबानाला फोन केला, ती म्हणाली या. तिच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढत होते. नाव, गाव, सगळं सांगणार होते. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर फोन वाजला. वंदना. रडत होती.

निखिल कळंबोलीला ऑफिसला जाताना लोखंडी गज भरलेल्या ट्रेलरच्या मागे होता. ट्रेलरने ब्रेक मारला. बाहेर आलेला गज हेल्मेटला घासून गेला.

हेल्मेटला वीतभर चरा. पोराला खरचटलंही नाही. हसत घरी आला. "आजी, हेल्मेटचे पैसे वसूल."

डोकं. माझा हात जिथे ठेवला होता, बरोबर तिथे.

मी पायरीवरूनच परतले होते. शबानाला कळवलंसुद्धा नाही. संध्याकाळी देवापुढे नारळ ठेवला. लोकांच्या अंगाऱ्याला हसणारी मी.

१० एप्रिल

ड्रे. केलं. तिला सांगितलंच नाही अपघाताचं. तिचा जीव आहे निखिल. स्वतःला मूलबाळ नाही, त्याला अंगाखांद्यावर वाढवला. तिने त्याच्यावर शपथ घातली ती त्याचं वाईट व्हावं म्हणून नाही. तिच्याकडे गहाण ठेवायला दुसरं काही मोलाचं नव्हतं.

१९ एप्रिल, शनि.

शबाना घरी आली. पत्रिका न्यायला म्हणून. वंदना चहा टाकायला आत गेली तेवढ्यात मोबाइल पुढे करून म्हणाली, "मावशी, फोटो आहे का जखमेचा?"

होता. मी एकदा काढला होता, फरक बघायला. तोंड नाही त्यात, नुसती जखम. शपथेत फोटोचं काही नव्हतं, अशी मनाची समजूत घातली आणि दाखवला.

तिने मोठा करून बघितला. मला वाटलं, शाबासकी देईल. दिलीही.

"किती स्वच्छ ठेवलीय. आमच्याकडे इतकी होत नाही." मग आवाज खाली आणून, "मावशी, राग मानू नका. तुम्ही हे इतकं चांगलं करता ना, म्हणूनच ती बाई घरी बसलीय. वास सुटला असता तर घरच्यांनी एव्हाना उचलून आणली असती."

वंदना चहा घेऊन आली. शबाना म्हणाली, "पत्रिका छान आहे."

चहा गार झाला माझा.

२० एप्रिल

झोप नाही. तिचं वाक्य घशात माशाच्या काट्यासारखं अडकलंय.

तो वास म्हणजे चां.ची हाक होती. तिच्या तोंडाने नाही मारली, अंगाने मारली. मी त्या हाकेच्या तोंडावर गॉज बांधला, तोही एक दिवसाआड, बदलून. आणि ती "हाताला गुण" म्हणाली की मी फुगत होते.

आणखी एक लिहिते. कोणी वाचलं तर वाचलं. उंबऱ्यात उभी राहिलेली ती मी, तिला ह्या सगळ्यात गोडी लागली होती. चां.ला माझ्यावाचून कोणी नाही, ही गोडी. देवा.

२५ एप्रिल

रक्त. गॉज उचलला आणि धार लागली. दोन्ही हातांनी दाबून धरलं, किती वेळ ते देव जाणे. चां. पांढरीफटक. डोळे छपराकडे, आणि ओठ हलत होते. वाकून कान लावला तर धवला म्हणत होती. हळद दळायचा. ओळ चुकली नाही एकही.

थांबलं एकदाचं.

"चांगुणा, आता तरी."

"आठ दिस राहिलान वैनी. आठ दिसांसाठी पोराच्या डोक्यावरचा हात काढशील?"

गजाचा चरा डोळ्यांपुढे आला. नवा गॉज दाबून पट्टी घट्ट बांधली.

डावा हात मनगटापासून वर सगळा सुजलाय. बोट दाबलं की खळगा राहतो.

२८ एप्रिल

लग्नघर. पाहुणे, पापड, मंडपवाला. काही सुचत नाही. मिठाचा डबा समजून सोडा घातला आमटीत. सगळे हसले. म्हातारी नातसुनेच्या आनंदात आहे म्हणाले.

१ मे, गुरु.

आज चुडा. कासारीण आली, ओसरीवर बायकांचा घोळका. धवलारणीचा चुडा पहिला. दोन्ही हातांत डझन-डझन, हिरवा.

उजवा भरला. डावा पुढे करेना. "राहू दे, एकच हात पुरे." बायका ऐकतात थोडंच. "आत्या, लाजता काय नवरीसारख्या!" कासारणीने हात धरला, साबण लावला, दाबला. बांगडी अंगठ्याच्या हाडाशीच अडकली. फुटली. दुसरी. तीही फुटली.

कासारीण बोटं थांबवून म्हणाली, "मावशी, हात का असा लागतो? पाणी भरलंय."

"उलट्या अंगावर झोपली होती." चां. म्हणाली, हसली. कोणीतरी दुसरंच बोलायला लागलं. पण वंदना हसली नाही. ती जवळच बसली होती, वाऱ्याचा झोत तिच्याकडे होता. तिने नाक उचललं. काल ड्रे. चुकलं होतं माझं, पाहुण्यांच्या गडबडीत. एकच दिवस.

स्वयंपाकघरात मला धरलं. "आई, आत्यांना काय झालंय?"

"काही नाही. हात सुजलाय."

"तुम्ही आया होतात, मी नव्हते. पण माझी काकू त्यानेच गेली. तो वास मला ठाऊक आहे." तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र कडक. "खरं असेल तर आत्यांनी हळदीला हात नाही लावायचा. माझा एकुलता एक आहे. मला पापी म्हणा."

"तो लागट नसतो वंदना."

"म्हणजे आहे."

मी काय बोलून गेले ते तेव्हा कळलं. शपथ मोडली की अर्धी मोडली? निखिल मित्रांबरोबर बाहेर होता. घरी येईपर्यंत मी दारातून हलले नाही.

आला. ठीक आहे.

फुटलेल्या बांगड्यांच्या काचा मी वेचल्या. लग्नघरात हिरवी काच फुटलेली. कोणी बघितलं नाही असं सगळ्या जणी दाखवत होत्या.

२ मे, शुक्र.

ज्याच्या डोक्यावर शपथ, ती सोडवायचा अधिकार त्याचाच. इतकी साधी गोष्ट तीन महिने सुचली नाही. सकाळी निखिलला गच्चीवर नेलं, मंडपाचे बांबू बघायला म्हणून. सगळं सांगितलं. मोरीपासून कालच्या बांगडीपर्यंत.

आधी समजेचना त्याला. मग, "तीन महिने? आजी, तीन महिने तू... माझ्या डोक्यावर हात ठेवून?"

"म्हणून तर नाही बोलले. तो गज..."

"गजांना लाल फडकं बांधलं नव्हतं म्हणून लागला तो! शपथेने नाही लागला." ओरडला माझ्यावर. जन्मात पहिल्यांदा. पण ओरडता ओरडता त्याचाच हात डोक्यावर गेला, मी बघितलं. त्यालाही कळलं, त्याने हात खाली घेतला.

मग माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला आणि उचलून बाजूला केला. "झालं? सुटलीस." 

पाठीमागे वंदना उभी होती, वाळवणाचं ताट घेऊन. सगळं ऐकलं असावं. "सोमवारी न्या," ती म्हणाली. "लग्न होऊ दे. दोन वर्षं थांबलंय, तीन दिवसांनी काय होतंय?"

"आई, हेच आत्याआजी म्हणतेय दोन वर्षं."

"आणि हळद?"

"ती लावणार नसेल तर मी पाटावर बसत नाही. आधी दवाखाना, मग हळद."

मी शबानाला फोन केला. नाव सांगितलं. चांगुणा शांताराम, वय चौसष्ट. रोगाचं नाव तिने विचारलं नाही, मीच बोलले. कर्करोग. बोलल्यावर घर पडलं नाही. उद्या सकाळी नऊला बोलावलंय. रक्त थांबलं पाहिजे, हात बघितला पाहिजे, बाकीचं बाई बघून सांगतील, म्हणाली. आशा आहे का विचारलं. "मावशी, आधी बघू तर द्या." शबाना खोटं बोलत नाही, हेच तिचं वाईट.

३ मे, शनि. हळद

सकाळी सात. निखिल गाडी घेऊन कामोठ्याला गेला. मला नेलं नाही. "तू आलीस तर ती तुलाच बघत बसेल." खरं आहे. आणि तोंड दाखवायची हिंमतही नव्हती.

आठ. फोन. "आत्याआजी कडी काढत नाही. शांतारामआजोबा ओट्यावर बसलेत."

साडेनऊ. फोन. कडी काढली. कशी काढली विचारलं. म्हणाला, "मी काही नाही केलं. ओट्यावर बसलो आणि तिचं ताट मागितलं, भूक लागली म्हणून." आत्ता गाडीत बसलीय. उजव्या हातात चुडा तसाच. एकच बोलली म्हणे, "वैनीनं सांगितला ना?" बस.

मग फोन नाही.

साडेबारा. मांडव भरलाय. नवऱ्याचा पाट रिकामा. हळद कालवून ठेवलेली, वरून सुकायला लागलीय, वंदना दोनदा पाणी शिंपडून गेली. पाहुण्यांना रमेशने सांगितलं, गाडी पंक्चर आहे. कोपऱ्यातल्या बायकांना सगळं कळलेलं आहे, परवाच्या बांगड्यांवरून. एकीने विचारलं, "धवलारीन येनार का नाय येनार?" दुसरी, "येऊ नये ते बरं." मी ऐकलं. वंदनानेही ऐकलं. तिने मागे वळून सांगितलं, "आमच्या आत्या येणार आहेत." असं म्हणाली आणि आत जाऊन रडली. तिचं मलाही उमगत नाही.

एक वाजता वंदनाच माझ्याकडे आली. "आई, तुमच्याकडे लिहिलेले आहेत ना? तुम्ही धरा. त्या येईपर्यंत."

मी? कपाळ मोकळं, आवाज फुटका, रक्ताचे हात. तिला म्हटलं तसं. म्हणाली, "त्याच हातांनी निखिलला बाहेर काढलंत ना तुम्ही?" हो. निखिल जन्मला तेव्हा ड्युटी माझीच होती.

वही उलटी धरून पहिला धवला धरला. कोपऱ्यातली एक म्हातारी मागे म्हणायला लागली, मग दुसरी. दळायचा झाला. मांडवाचा झाला. अकरा, बारा, तेरा. तेराव्यावर वहीतले धवले संपले. पुढचा माझ्याकडे नाही. तो एकीच्याच पोटात आहे. पाटावर नवरा नाही, वाटीत हळद आहे, आणि ती उतरवायचे शब्द कुणालाच येत नाहीत. सगळ्या माझ्याकडे बघतायत. पाणी पिऊन येते म्हणून आत आलेय, तेच हे लिहितेय.

निखिलला सातवा फोन. वाजतोय. उचलत नाही. शबानाचा बंद.

काय सांगितलं असेल बाईंनी. ठेवून घेतली असेल का. की गाडीतच बसून राहिली असेल, उतरत नसेल. की पुन्हा रक्त. की माझं तोंडच बघायचं नाही म्हणाली असेल. तसं असेल तर असू दे. तोंड नको बघू, पण ये.

तिचं पान करून ठेवलंय. सगळ्यांच्या पानांच्या ओळीत, माझ्या शेजारी. पडदा नाही, बिडदा नाही.

बाहेर गाडी थांबली. पोरं ओरडली, आली, आली.

गाडीचं एकच दार वाजलं. दुसरं अजून नाही.